थोडं आणि थोडंच

मार्च लागला की सोलापूरची सकाळ लवकर संपते. नऊच्या सुमाराला स्कूटीची सीट हाताला चटका देते, झेरॉक्सच्या दुकानांपुढं हॉलतिकिटं घेऊन पोरं उभी असतात, आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक गच्चीवर कुणीतरी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालत असतं. परवा शाळेला निघताना समोरच्या गच्चीवरून एका मुलीचा आवाज आला, "मोजता येतं ते मेनी, मोजता येत नाही ते मच, मोजता येतं ते मेनी..." मी हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिले. पाढे म्हणावेत तसा तिचा हेल होता. अर्थ कधीच गळून गेला होता, नुसता ताल उरला होता.

हा ताल मी ओळखते. मी स्वतः तो जेऊरच्या शाळेत पाठ केला आणि पुढं इंग्रजीची शिक्षिका होऊन कितीतरी मुलांच्या तोंडी बसवला. पण परवा तो ऐकल्यावर मला ना जेऊर आठवलं, ना माझे विद्यार्थी. आठवली रेहाना. आणि तिच्या मागोमाग, दार न वाजवता आत येणाऱ्या शेजारणीसारखा, तो जुना जळफळाटही आत आला.

गोष्ट फार जुनी नाही. माझी मुलगी मुक्ता दहावीला होती, तो उन्हाळा. मत्सर वाईट असतो म्हणतात, असेल. पण त्या उन्हाळ्यात मी जितकी जागी होते तितकी नंतर कधी झाले नाही. जळणारं माणूस फार बारकाईनं बघतं. त्या दिवसांतला प्रत्येक आवाज, प्रत्येक वास मला आजही स्वच्छ आठवतो, आणि आधीचे कितीतरी सुखाचे मार्च मात्र एकमेकांत मिसळून गेले आहेत.

सुरुवात झाली ती हिवाळ्यात, सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात. इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रत्येकानं एक नमुना पाठ घ्यायचा होता, आणि दोघींच्या वाट्याला एकच विषय आला होता. एक मी आणि दुसरी रेहाना. ती एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. विषय होता इंग्रजीतले 'किती' सांगणारे शब्द. मच, मेनी, फ्यू, लिटल. कुठल्या नामामागं कुठला शब्द लावायचा हे मुलांना कसं निवडायला शिकवायचं?

मी आठवडाभर खपून तक्ता केला होता. डावीकडं निळ्या शाईत मोजता येणारी नामं, उजवीकडं लाल शाईत न मोजता येणारी, खाली हिरव्यात अपवाद. रेहानाचा नंबर माझ्या आधी लागला. ती रिकाम्या हातानं उठली, फळ्यापर्यंत गेली, मग काहीतरी आठवल्यासारखं करून परत आली आणि पिशवीतला आपला जेवणाचा डबा घेऊन गेली. आतून तिनं एक कडक भाकरी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"हाऊ मेनी भाकरीज?"

"वन!" सगळे शिक्षक शाळकरी पोरांसारखे ओरडले.

तिनं ती मधोमध मोडली. कडक भाकरीचा तो कटकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "नाऊ?" टू पीसेस. पुन्हा मोडली. फोर. मग ती मोडतच गेली, आम्ही मोजतच गेलो, आणि शेवटी तिनं सगळे तुकडे दोन्ही तळव्यांत धरून चुरडले आणि ओंजळ पुढं केली.

"नाऊ हाऊ मेनी?"

चुऱ्यात मोजायचं काय? मागून एक बाई हळूच म्हणाल्या, "हाऊ... मच?"

"शाबास!" रेहाना म्हणाली. "भाकरी तीच आहे. मोडता मोडता ती मेनीची मच कधी झाली, ते सांगा बघू."

टाळ्या पडल्या. मग तिनं डब्यातली शेंगाची चटणी पुढच्या रांगेत दिली आणि ती मागंपर्यंत फिरली. त्यानंतर मी तक्ता घेऊन उभी राहिले तेव्हा अर्धे लोक चावत होते. तक्त्याचं एक टोक धरायला आलेल्या सरांच्या बोटाचा तेलकट लाल ठसा माझ्या निळ्या रकान्यावर उमटला. मी सगळं बरोबर सांगितलं. एकही चूक केली नाही. कुणी काही विचारलंही नाही.

घरी येताना मला तिच्यासारखं सुचलं नाही याचं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की भाकरी माझ्या घरी रोज होते.

हेवा आणि मत्सर हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण त्यांत फरक आहे असं मला वाटतं. हेवा म्हणजे तिच्याकडं आहे ते मलाही मिळावं. मत्सर म्हणजे तिच्याकडं ते नसावं. त्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना मला आधी हेवा वाटला, आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत त्याचा मत्सर झाला.

याचं एक कारण जेऊरला आहे. आमचं घर शेतकऱ्याचं. शाळेत इंग्रजी पाचवीपासून आलं, आणि मला ती भाषा अशी आवडली की बाकीच्या मुली गजग्यांनी खेळायच्या तेव्हा मी नियम पाठ करत बसायची. एकदा वडिलांना विचारलं होतं, "आबा, ज्वारीचे दाणे मोजता येतात, मग ज्वारीला मेनी का नाही?" आबा हसले. "कोन बसतंय दानं मोजत? येडी का काय तू!" घरात दुसरं कुणीच या वेडात वाटेकरी नव्हतं, म्हणून ते अगदी माझं एकटीचं झालं. आमच्या बोलीत 'लई' एवढा एक शब्द पुरतो. लई माणसं, लई पाणी, लई राग. इंग्रजीला मात्र नामाचा स्वभाव बघून शब्द निवडावा लागतो. ती निवड मला जमते, हा माझा गावातला, कॉलेजातला आणि पुढं सासरचाही मान होता. आणि ही बाई तो मान एका डब्यात घालून आली होती आणि सगळ्यांना वाटून गेली होती.

तरी तो मत्सर तिथंच विरला असता. शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, लोक विसरतात. पण जानेवारीत मुक्ताच्या पूर्वपरीक्षेचा निकाल आला. बाकी विषय ठीक, इंग्रजीत जेमतेम. शेवटचा निबंधाचा प्रश्न तिनं कोराच सोडला होता. इंग्रजीच्या बाईंची मुलगी! आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं.

मी तिला रोज संध्याकाळी घेऊन बसायला लागले. घरात इंग्रजीच बोलायचं, असा नियम केला. एकदा जेवताना तिनं घास घेतला आणि म्हणाली, "आई, देअर इज फ्यू सॉल्ट इन द भाजी."

"लिटल," मी म्हटलं. "मीठ मोजता येतं का? लिटल सॉल्ट. पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे, एवढंच सांगायचं होतं मला."

माझे यजमान एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहेत. भांडणात पडायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी भाजी खाऊन बघितली आणि सावकाश म्हणाले, "आणि मीठ खरंच कमी आहे, रोहिणी."

त्या दिवसानंतर मुक्ता माझ्याशी इंग्रजीचं एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं की मान हलवायची. पुढच्या आठवड्यात यजमानांनी मला न विचारता एक गोष्ट ठरवून टाकली. त्यांच्या कारखान्याचा माल ज्या टेम्पोनं जायचा, त्या टेम्पोचे मालक म्हणजे रेहानाचा नवरा. "त्यांच्या मिसेस घरी क्लास घेतात," ते म्हणाले, "परीक्षेपर्यंत मुक्ताला तिथं पाठवू. आईकडं शिकताना मूल घाबरतं गं. तिऱ्हाईताकडं नीट शिकतं."

"कोण मिसेस?" मी विचारलं. नाव ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपली.

रेहानाचं घर सात रस्त्याच्या अलीकडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. खाली रसवंती. संध्याकाळी मी मुक्ताला स्कूटीवर सोडायची आणि क्लास संपेपर्यंत रसवंतीच्या बाकड्यावर बसायची. घरी जाऊन परत येण्यात पेट्रोल जातं, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे वरच्या उघड्या खिडकीतून आवाज खाली यायचे. उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू थांबले की तेवढ्या वेळात मी ऐकून घ्यायची. आधी रेहानाचा प्रश्न, मग मुलांचा गलका, मग हसणं. त्या हसण्यातून मी मुक्ताचं हसणं वेगळं काढायची. लहानपणी ती तसं हसायची, शेवटाला किंचित श्वास अडकल्यासारखं. ते मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते मला एका रसवंतीत बसून, दुसऱ्या बाईच्या खिडकीतून ऐकावं लागत होतं.

मग मुक्ता तिच्यासारखी वागायला लागली. बोलता बोलता एक भुवई उचलायची. ओढणी तशीच एका खांद्यावर घ्यायची. भाजी निवडताना गुणगुणायची, "हाऊ मेनी मिरचीज, हाऊ मच मीठ..." रेहाना मिस म्हणतात, माझा आवाज इंग्रजीला चांगला आहे. रेहाना मिस म्हणतात, आधी बोलून टाका, मग बरोबर करत बसा. रेहाना मिस म्हणतात. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि लाटण्याखाली पोळी नको तितकी पातळ व्हायची. तो आवाज तिला कुणी दिला? बाळसं धरल्यापासून तिच्या कानात 'वॉटर', 'मून', 'क्रो' कुणी घातलं?

एका संध्याकाळी खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. रेहाना म्हणाली, "टुडे देअर आर लेस स्टुडंट्स इन द क्लास."

लेस स्टुडंट्स! विद्यार्थी मोजता येतात. मोजता येतात तिथं फ्यूअर हवं. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक ग्लास रस मागवला, आलं-लिंबू घालून.

परतताना स्कूटीवर मी मान किंचित मागं वळवून, अगदी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "तुझ्या मिसनं आज लेस स्टुडंट्स म्हटलं ना? चूक आहे ते."

"हो, मी सांगितलं की त्यांना," मुक्ता म्हणाली.

"तू सांगितलंस?"

"मग! मी म्हटलं, मिस, फ्यूअर. तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हे माझं नेहमी चुकतं, तू कुठं शिकलीस? मी म्हटलं, आई शिकवते. मग त्या म्हणाल्या, आईला एक दिवस क्लासला बोलाव, हे शब्द त्यांनीच घेऊ देत. येशील का?"

खरं तर मी सुखावून जायला हवं होतं. पण मला सुख मिळालं नाही. घरात हीच मुलगी माझ्याशी इंग्रजीचं एक वाक्य बोलत नव्हती, आणि तिथं जाऊन शिक्षिकेची चूक हसत हसत सांगत होती. नियम माझा, पण तो फुलला तिच्याकडं. आणि ती बाई चूक दाखवल्यावर कपाळाला हात लावून हसू शकत होती. मला ते कधी जमलं असतं का? "बघू," मी म्हटलं, आणि गाडी जरा जोरात पळवली.

मी गेले. मदत करायला गेले नव्हते, जिंकायला गेले होते. इस्त्रीची साडी नेसून, तक्ता गुंडाळून. जिन्यातच रेहाना भेटली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक सांगते, रागावू नकोस. मुक्तानं प्रीलिममध्ये निबंध का सोडला माहितीय? येत होता तिला. चुकीचं काही लिहिलं तर आई पेपर बघेल, म्हणून लिहिलाच नाही. रोते रोते बोली मेरेकू."

पायरीवर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. मी तिच्या हॅंडलला धरून उभी राहिले. तिनं सांगितलेली गोष्ट खोल गेलीच. पण त्याहून आधी, खरं सांगायचं तर, 'मेरेकू' हा शब्द गेला. रडायला तिला ही सापडली.

आत सतरंजीवर मुलं दाटीवाटीनं बसली होती. मी फळ्याला तक्ता लावला आणि सुरू केलं. फ्यू आणि लिटल म्हणजे नसल्यातच जमा. अ फ्यू आणि अ लिटल म्हणजे थोडं का होईना, आहे. मुलं मुकाट्यानं लिहून घेत होती. कुणी हसत नव्हतं. मुक्ता खाली मान घालून बसली होती. माझ्यासाठी तिला अवघडल्यासारखं झालंय, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. रेहाना दाराशी उभी होती.

मी उदाहरण दिलं, "देअर इज लिटल वॉटर इन द टॅप."

मुक्ताची मैत्रीण पूजा पहिल्या रांगेत होती. तिचे आईवडील खेड्यातून शहरात कामाला आलेले. ती पटकन म्हणाली, "मॅडम, आमच्या नळाला लिटलबी न्हाय आन् अ लिटलबी न्हाय. परवाधरनं नुसती हवा येती!"

सगळे हसले. सोलापुरात पाण्याची पाळी कधी येते हे सांगायला कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या वर्गात मी अशा वेळी 'सायलेन्स' म्हणते. पण दाराशी ती उभी होती, आणि मला हरायचं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, मग हंड्यात तरी काही होतं का?"

"हुतं की थोडं. मला केस धुवायचे हुते. आई म्हनली, थोडंच हाय, हात लावू नगंस. मी म्हनलं, हाय की थोडं! त्यावरनं लई भांडलो आमी."

मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं हा धडा शिकवत होते आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तक्त्याकडं पाठ केली. "पूजा, हंडा एकच होता ना? पाणी तेवढंच होतं ना?"

"तेवढंच की."

"मग आई 'थोडंच' म्हणाली आणि तू 'थोडं' म्हणालीस. आईचं वाक्य लिटल वॉटर. तुझं वाक्य अ लिटल वॉटर. पाणी बदललं नाही. बघणारं माणूस बदललं. शब्द हंड्यात बघून निवडायचा नाही. बोलणाऱ्याच्या मनात बघून निवडायचा."

फळ्यावर मी दोनच शब्द लिहिले, थोडं आणि थोडंच. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मुलं एकदम बोलायला लागली. माझ्याकडं थोडेच मित्र आहेत, फ्यू फ्रेंड्स. माझ्याकडं आहेत थोडे, अ फ्यू फ्रेंड्स. परीक्षेला थोडेच दिवस राहिले. आहेत की अजून थोडे. एक जण म्हणाला, वडिलांच्या डोक्यावर थोडेच केस आहेत, वडील म्हणतात आहेत थोडे. खोली हसण्यानं भरून गेली, आणि त्यात मुक्ताचं हसणं होतं, शेवटाला श्वास अडकणारं. या वेळी ते मी खोलीत उभी राहून ऐकलं. सगळ्यात जोरात टाळ्या रेहानानं वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला. इतक्या मोकळेपणी दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवता येणं, हेही तिच्याकडंच होतं.

रात्री भांडी आवरताना मुक्ता ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, आज तू वेगळीच होतीस," ती म्हणाली. मी हात पुसले. "निबंधाचं मला कळलं," मी म्हटलं. "या वेळी लिही. चुकलेलं असलं तरी लिही. मी पेपर बघणार नाही." तिनं ओट्यावरचं एक ताट उचलून पुसलं. मग म्हणाली, "बघ की. पण पेन न घेता बघ."

मी त्या वाक्यावर फार विचार केला आहे. मुलं मोठी होताना आईच्या वाट्याला त्यांचं जे येतं, ते दिवसेंदिवस आक्रसत जातं. ते तसंच असतं, सगळ्यांच्या घरी. मी त्याच्याकडं बघून 'थोडंच' म्हणत बसले होते आणि उरलेलं सगळं रेहाना घेऊन गेली असं मानत होते. हे समजल्यावर माझा मत्सर गेला, असं लिहिता आलं तर छान वाटेल. तो गेला नाही. नियम कळणं वेगळं आणि बोलताना तो तोंडात येणं वेगळं, हे मी रोज वर्गात बघतेच.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी केंद्राबाहेर आई-वडिलांची गर्दी होती. लिंबाच्या सावलीत जागा मिळेना. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते, तेवढ्यात रेहाना आली. तिची बरीच मुलं त्याच केंद्रावर होती. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. घंटा झाली, फाटक उघडलं, मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात मुक्ता दिसली. ती आमच्या दिशेनंच पळत येत होती. ती कुणाकडं येणार? मी बाटली पुढं केली. रेहानानं हात पुढं केले. मुक्ता आमच्या दोघींच्या मधून निघून गेली आणि मागं उभ्या असलेल्या पूजाच्या गळ्यात पडली. "निबंध लिहिला! पूर्ण लिहिला! तू कुठला घेतलास?"

रेहानाचे हात तसेच पुढं होते. माझी बाटलीही. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि मला हसू आवरेना.

"चल," ती म्हणाली, "रस पिऊ."

रसवंतीच्या बाकड्यावर ती ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, "तुला एक बोलू? ही मुलगी वर्गात काहीही विचारलं की म्हणायची, आईला विचारून सांगते. हर बात पे आई. मी इतकं जीव तोडून शिकवते आणि शेवटचा शब्द कुणाचा? तुझा. जल जाती थी मैं."

"तू?" मी म्हटलं.

"हौ. माणूस नाही का मी?"

तो मला मिळालेला सगळ्यात चवदार रस होता.

निकाल लागला तेव्हा मुक्ताला इंग्रजीत माझ्या अपेक्षेपेक्षा कमी आणि तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त गुण पडले. पण तोपर्यंत एप्रिल-मे उलटून गेले होते आणि त्या दोन महिन्यांत आम्ही दोघींनी मिळून तिच्या घरी सुट्टीचा वर्ग चालवला होता. दुपारी पंखा गरम हवा फिरवायचा, खिडकीला ओला टॉवेल लावलेला असायचा, आणि आम्ही दुसऱ्या दिवशीच्या उदाहरणांवरून भांडायचो. ती म्हणायची केसांना मच; मी म्हणायची, ताटात एक पडला तर? ती नियम मोडून मुलांना आत घ्यायची, मी त्यांना नियमापर्यंत नेऊन सोडायची. मुलांना कोण जास्त आवडते यावर आमची रोज चुरस चालायची, आणि ती रोज जिंकायची, आणि मी रोज जळायची. पण संध्याकाळी निघताना जिन्यात ती म्हणायची, "उद्या लवकर ये गं, तुझ्याशिवाय माझं फ्यूअर-लेस होतं." ते ऐकायला मी मुद्दाम चप्पल घालायला वेळ लावायची.

आता मुक्ता पुण्यात शिकते. फोनवर मराठी-इंग्रजीची भेळ करून बोलते, आणि मी पेन न घेता ऐकते. रेहाना गेल्या जूनमध्ये कलबुर्गीला गेली. तिच्या नवऱ्यानं तिकडं भावांबरोबर धंदा वाढवला. तिला एका खासगी शाळेत नोकरीही लगेच लागली. लागणारच. जायच्या दिवशी सामान भरलेल्या टेम्पोत पुढं बसून ती हात हलवत होती आणि मी उन्हानं डोळे चुरचुरल्यासारखं करत होते.

हल्ली ती मला आवाजी मेसेज पाठवते. लांबलचक, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच हसणं. आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या प्रत्येक मेसेजमध्ये एक नाव येतं. महादेवी. तिच्या शाळेत कानडी शिकवते म्हणे. महादेवी आणि मी मुलांना भाजीबाजारात घेऊन गेलो, धडा तिथंच घेतला. महादेवीनं मला कानडी शिकवायला घेतलंय. महादेवी इतकी हसवते, क्या बताऊं! मी हे वर्गाच्या पायऱ्यांवर उभी राहून ऐकते आणि माझं परत तेच सुरू होतं. भाजीबाजार! आमच्या मंडईत काय कमी भाजी येते?

परवा गच्चीवरच्या त्या मुलीचा पाठ ऐकल्यावर मी शाळेत पोचले, हेल्मेट ठेवलं आणि रेहानाला लिहिलं, "रविवारी येतेय. सकाळच्या गाडीनं."

लगेच उत्तर आलं. "आ जा! महादेवीलाही घरी बोलावते. तिला तुला भेटायचंय."

मी लिहिलं, "तिला नको बोलावूस." पाठवायच्या आधी ते वाक्य, सवयीनं, चूक शोधत पुन्हा वाचलं. चूक सापडली नाही. पाठवून दिलं.

थोड्या वेळानं मेसेज आला. सुरुवातीला नुसतं हसणं, बराच वेळ. मग तिचा आवाज. "जलकुकडी कहीं की! नहीं बुलाती, जा. तू एकटीच ये."

मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं बाहेर पडली, त्या गोंगाटात फोन कानाशी दाबून मी तो पुन्हा ऐकला. मुक्ताला पाठवावा असं एकदा मनात आलं. पाठवला नाही. तो माझ्या एकटीचा होता.